वस्तऱ्याच्या पात्यावर सॅटिन फिनिश: हाताने आणि वॉटर पेपरने

सॅटिन फिनिश म्हणजे कंटाळा आला म्हणून मध्येच सोडलेलं आरसा पॉलिश, असं बऱ्याच जणांना वाटतं. ६०० नंबरचा पेपर मारला, थांबलो, झालं सॅटिन. असं केलेलं पातं लांबून बरं दिसतं. खिडकीपाशी नेऊन जरा तिरकं धरलं की आडवेतिडवे ओरखडे ओरडायला लागतात. आरसा पॉलिशमध्ये ओरखडे इतके बारीक करत न्यायचे असतात की ते दिसेनासे व्हावेत. सॅटिनमध्ये ते दिसायलाच हवेत, पण सगळे एका दिशेने, एका खोलीचे आणि एकमेकांना समांतर. शंभर रेषा सरळ आणि एक वाकडी असेल, तर नजर त्या वाकडीवरच जाते. त्यामुळे इथे पेपरच्या नंबरापेक्षा (नंबर मोठा तितका पेपर बारीक) हाताच्या शिस्तीवर जास्त अवलंबून असतं.

कुठल्या पात्याला हात लावू नये

काम सुरू करण्याआधी पातं नीट धुऊन, पुसून, भिंगाखाली पाहा. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. धारेच्या अगदी लगत काळे, खोल खड्डे असतील तर फिनिशचा विचार सोडा. ते खड्डे काढायला जेवढं पोलाद घासावं लागेल तेवढं तिथे शिल्लकच नसतं. पूर्ण पोकळ घासणीच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोलगट घासून पातळ केलेल्या, वस्तऱ्यात धारेमागचा भाग अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. धारेत बारीक तडा दिसला तरी तेच.

पात्यावर कोरीव नक्षी किंवा सोनेरी मुलामा असेल तर तो जाणार हे गृहीत धरा. आम्लाने कोरलेली नक्षी फार उथळ असते आणि मुलामा तर धातूच्या साध्या पॉलिशनेही उडतो. शेपटीवरचा, म्हणजे पातं आणि मूठ यांच्या मधल्या अरुंद भागावरचा, कारखान्याचा शिक्का मात्र ठोकलेला असतो, तो बऱ्यापैकी खोल असतो. तरीही त्यावर पेपर मारू नये. कडा बोथट झालेला शिक्का पाहिला की जाणकार माणूस वस्तरा खाली ठेवून देतो. जर्मनीतल्या झोलिंगेनचा किंवा इंग्लंडमधल्या शेफिल्डचा जुना, मूळ फिनिश शाबूत असलेला वस्तरा हातात असेल तर माझं स्पष्ट मत आहे की त्याला तेल लावा आणि तसाच राहू द्या. सॅटिनचा सराव डागाळलेल्या, कोणाला नको असलेल्या पात्यावर करावा.

दुसरी गोष्ट मुठीची. जुन्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात. सेल्युलॉइड पटकन पेट घेतं, आणि जुनं होऊन कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते. पातं मिटल्यावर मुठीच्या आत जेवढं राहतं नेमकं तेवढ्याच भागावर गंज असेल तर संशय मुठीवर घ्या. ती बदलली नाही तर नवं फिनिशही काही महिन्यांत खराब होईल. मूठ चांगली असेल तर पातं आणि मूठ जोडणारे रिव्हेट काढायच्या भानगडीत न पडता ती मऊ कापडात गुंडाळून वर चिकटपट्टी लावावी. रिव्हेट काढायचेच असतील तर त्यांचं ठोकून पसरवलेलं डोकं बारीक कानशीने घासून सपाट करायचं आणि मग पातळ पंचने हलकेच बाहेर ढकलायचं. बहुतेक वस्तऱ्यांत ही पितळी तार साधारण १.६ मिलिमीटर जाडीची असते. पंच तेवढाच किंवा किंचित बारीक हवा, नाहीतर मुठीचं भोक फुटतं.

भूमिती सांभाळायची म्हणजे काय

वस्तऱ्याला धार लावताना पातं दगडावर आडवं पडतं, पाठ (धारेच्या समोरची जाड कड) आणि धार दोन्ही टेकतात. म्हणजे धारेचा कोन माणूस ठरवत नाही, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी ठरवते. समजा पात्याची रुंदी १६ मिलिमीटर आणि पाठ ४.६ मिलिमीटर जाड आहे, तर कोन साधारण १६.४ अंश येतो. पाठीच्या दोन्ही बाजूंनी मिळून ०.२ मिलिमीटर घासलं गेलं तर तो १५.७ च्या आसपास उतरतो. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण पाठ एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी घासली गेली, तर दगडावर पातं सपाट बसतच नाही आणि धार टाचेला, म्हणजे शेपटीकडच्या बाजूला, लागते, टोकाला लागत नाही. म्हणून पाठीच्या ज्या पट्टीवर पातं दगडाला टेकतं तिथे फक्त शेवटचे दोन नंबर फिरवावेत. खड्डे काढायचा जाड पेपर तिथे कधीच नेऊ नये.

रेषा कोणत्या दिशेने

कारखान्यातल्या बहुतेक वस्तऱ्यांवर रेषा पाठीकडून धारेकडे जातात. घासायच्या चाकाचा आस पात्याच्या लांबीला समांतर असतो, त्यामुळे चाक पात्यावर आडव्या रेषा सोडतं. हे दिसतं सुरेख, पण हाताने करायला अवघड. एकेक फटका जेमतेम बोटाच्या रुंदीएवढा, तोही वक्र पृष्ठभागावरून, आणि संपतो थेट धारेवर.

दुसरा पर्याय म्हणजे टाचेकडून टोकाकडे लांब रेषा. खोलगट भागाची वक्रता या दिशेने बदलत नाही, फटका लांब मिळतो आणि पेपर धारेवरून न जाता तिला समांतर जातो. पहिल्यांदा करत असाल तर हाच मार्ग घ्या. पुढची सगळी पद्धत लांब रेषांची आहे. आडव्या रेषा करायच्याच असतील तर एकच नियम पाळा, फटका नेहमी पाठीकडून सुरू होऊन धारेच्या बाहेर निघाला पाहिजे. उलट दिशेने पेपर आणला की धार पेपरात घुसते आणि पेपरामागे बोट असतं.

धार आधी मारा

हे वाचून जीव कळवळेल, पण काम सुरू करण्याआधी धार बोथट करायची. जाड काचेच्या पेल्याच्या बुडावर धार उभी धरून, अजिबात जोर न देता, दोन-तीनदा ओढली की पुरे. फिनिशनंतर धार तशीही नव्याने लावावी लागते, कारण पेपर कितीही सांभाळून मारला तरी धारेला स्पर्श होतोच. बोथट केल्यावरही पातं पातळच असतं आणि कापू शकतं, म्हणून कापरोधक हातमोजे घाला. धारेवर चिकटपट्टी गुंडाळून काम करायचा सल्ला काही जण देतात. पट्टीच्या कडेशी पेपर अडखळतो आणि तिथे एक पायरी पडते. मला तो उपाय पटत नाही.

पातं बसवायचं कसं

हातात धरून सॅटिन होत नाही. पातं हललं की रेषा हलली. एक सपाट लाकडी फळी घ्या, पात्यापेक्षा थोडी लांब, आणि ती टेबलाला क्लॅम्पने घट्ट बांधा. पातं तिच्यावर आडवं ठेवा, मूठ किंवा शेपटी फळीच्या बाहेर. धार फळीच्या कडेच्या आतच राहायला हवी, बाहेर डोकावता कामा नये.

आता अडचण अशी की पोकळ घासलेलं पातं फळीवर फक्त पाठ आणि धार यांवर टेकतं, मधला भाग अधांतरी. त्यावर वरून दाब दिला की पातं लवतं, आणि कडक केलेलं पोलाद फार लवत नाही, सरळ तुटतं. वस्तऱ्याचं पोलाद कडकपणाच्या रॉकवेल मापावर ६० च्या आसपास असतं. म्हणून त्या पोकळीत आधार हवा. चामड्याचा किंवा कॉर्कचा पातळ तुकडा वक्राला जुळेल असा कापून खाली सरकवा आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पातं बसवा. काम झाल्यावर पातं उचकटायचं नाही. पाठीच्या बाजूने थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून थांबायचं, टेप सैल होतो, मग पाठीकडून हळूहळू उचलायचं.

बाकावरच्या शिकंज्यात पातं धरू नये, हे वेगळं सांगायची गरज नसावी, पण तुटलेली पाती पाहिली की सांगावंसं वाटतं.

पेपर आणि नंबर

काळा, पाण्यात चालणारा सिलिकॉन कार्बाइडचा वॉटर पेपर घ्या. पाठीमागचा नंबर वाचताना त्याच्या आधी ‘पी’ आहे की नाही ते पाहा, कारण युरोपीय आणि अमेरिकी मोजमापं वेगळी आहेत. पी ६०० मधला कण सरासरी २६ मायक्रॉनचा असतो, तर अमेरिकी ६०० मधला १६ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पी १२०० इतका बारीक. दोन्ही पद्धतींचे पेपर एकत्र वापरले की ‘६०० नंतर ८०० मारला आणि ओरखडे उलट वाढले’ असा चमत्कार होतो. सगळे पेपर एकाच पद्धतीचे घ्या. खाली दिलेले नंबर ‘पी’चे आहेत.

सुरुवात कुठून करायची हे पात्यावर ठरतं. नुसते डाग असतील तर ६००. हलका गंज असेल तर ४००. जाणवण्याजोगे खड्डे असतील तर ३२० किंवा फार तर २४०. काम भागेल असा सगळ्यात बारीक नंबर निवडावा, कारण जाड पेपरचा प्रत्येक ओरखडा पुढे तुम्हालाच काढायचा आहे.

शेवट कुठे करायचा हा आवडीचा प्रश्न. ४०० वर थांबलात तर रेषा ठळक, जरा रांगड्या दिसतात. ८०० वर मऊ, रेशमी झाक येते. १२०० च्या पुढे गेलात की रेषा दिसेनाशा व्हायला लागतात आणि ना सॅटिन ना आरसा अशी धूसर अवस्था येते. बहुतेक लोक गरजेपेक्षा बारीक जातात असं मला वाटतं. वस्तऱ्यासाठी ६०० ते ८०० हा टप्पा सगळ्यात देखणा.

पेपरामागे काय धरता हे पेपराइतकंच महत्त्वाचं. नुसतं बोट धरलं तर दाब बोटाच्या मधोमध पडतो आणि खोलगट भागात लाटा उमटतात. खोडरबराचा चौकोनी तुकडा घ्या आणि त्याची एक बाजू पात्याच्या वक्राला जुळवून घ्या. जुळवायची सोपी रीत अशी की खोलगटीच्या गोलाईशी मिळतीजुळती नळी उभी चिरून तिच्या आतल्या बाजूला जाड पेपर बसवायचा आणि त्यावर रबर घासायचा. हवा तसा फुगीर आकार बहुतेक लगेच मिळत नाही, थोडं थोडं घासून पात्यावर लावून बघत राहावं लागतं. पाठीसाठी मात्र कडक, सपाट लाकडी ठोकळा हवा.

ओलावा म्हणून पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकले तरी चालतं. कार्बन पोलादावर मी शिलाई मशीनचं हलकं तेल पसंत करतो, मध्येच उठावं लागलं तरी पातं गंजत नाही. ओलं घासल्याने भुकटी हवेत उडत नाही, हा फायदा फुफ्फुसांचा. कोरडं घासायची वेळ आली तर मास्क लावा.

पेपर मारायला सुरुवात

पहिल्या नंबरच्या आधी पूर्ण बाजू पर्मनंट मार्करने रंगवा. चार-पाच फटके मारून थांबा आणि बघा रंग कुठून गेला. फक्त मध्ये गेला असेल तर रबर जास्त फुगीर आहे. फक्त पाठीशी आणि धारेशी गेला असेल तर तो कमी फुगीर आहे. संपूर्ण भागातून रंग एकसारखा जाईपर्यंत रबर दुरुस्त करत राहा. इथे गेलेला अर्धा तास पुढचे दोन तास वाचवतो.

मधल्या नंबरांसाठी दिशा बदलत राहायची. पहिला नंबर लांबीच्या दिशेने मारला असेल तर दुसरा तिरका, साधारण ३० अंशांत, तिसरा उलट तिरका. हेतू एकच, आधीच्या नंबरचे ओरखडे वेगळ्या दिशेचे असल्यामुळे उठून दिसावेत. सगळे नंबर एकाच दिशेने मारले तर जुने खोल ओरखडे नव्या रेषांत लपून बसतात आणि शेवटी, जेव्हा सगळं छान दिसायला लागतं, तेव्हा वर येतात.

पुढच्या नंबरवर कधी जायचं? पातं पुसून कोरडं करा, एकच दिवा बाजूला खाली ठेवा आणि पातं त्याच्या प्रकाशात सावकाश फिरवा. आधीच्या दिशेची एकही रेषा चमकत नसेल तर पुढे जा. छताचा दिवा सगळ्या बाजूंनी प्रकाश टाकतो आणि दोष झाकतो, तो बंद ठेवा. तेल आणि पोलादाची काळी राड साचली की पुसून टाका. त्या राडेत जुन्या पेपरचे सुटे कण असतात आणि तेच नव्या पेपरखाली अडकून खोल चरे पाडतात. नंबर बदलताना कापडसुद्धा बदला.

एखाद-दुसरा खड्डा उरला तर उरू द्या. तो घालवण्यासाठी फक्त तिथेच घासत बसलात तर खड्ड्याच्या जागी उथळ बशी तयार होते आणि सॅटिनच्या समांतर रेषा त्या बशीवरून जाताना वळलेल्या दिसतात. खड्डा त्यापेक्षा बरा.

शेवटचे फटके

सगळं काम इथे जमतं किंवा फसतं, त्यामुळे घाई असेल त्या दिवशी हा टप्पा घेऊच नका.

आधी एक युक्ती. ६०० वर थांबायचं असेल तर एकदा ८०० पर्यंत जा आणि मग ६०० वर परत या. ८०० ने खालचे सगळे उरलेसुरले चरे निघतात, आणि परत येणाऱ्या ६०० च्या रेषा स्वच्छ पाटीवर पडतात. परत येताना मेहनत जवळजवळ लागत नाही.

पातं, फळी, रबर आणि हात धुऊन घ्या. नवा पेपर घ्या, रबराच्या रुंदीच्या पट्ट्या कापून ठेवा. आता पुढे-मागे घासणं बंद. एका वेळी एकच फटका, पात्याच्या खांद्यापासून (जिथे पातं संपून शेपटी सुरू होते) टोकापर्यंत, एकाच दिशेने. पुढे-मागे घासताना हात जिथे थांबतो आणि उलटा फिरतो, तिथे पेपरखालचा सुटा कण गरकन वळतो आणि रेषेच्या शेवटाला गळाच्या आकड्यासारखा वाक येतो. असे पाच-सहा आकडे एका ठिकाणी जमले की तिथे धुरकट डाग दिसतो, आणि तो कशाने पडला हे भिंगाशिवाय कळत नाही.

फटका असा. पेपर खांद्यापाशी अलगद टेकवा, दाब नको. हात चालू झाल्यावर दाब द्या. मनगट ताठ ठेवा, हालचाल आपल्या खांद्यातून, खरं तर कमरेतून येऊ द्या. मनगटातून हात फिरवला की रेषा कमानीसारखी वळते. टोकाच्या बाहेर पेपर सरळ निघून जाऊ द्या, पात्यावर थांबवू नका. हात उचला, पेपर किंचित सरकवून ताजा भाग पुढे आणा, परत खांद्यापासून सुरू. पेपरचा एक भाग दोन-तीन फटक्यांपेक्षा जास्त वापरू नये. पेपर भरपूर जातो, त्याला इलाज नाही.

दर फटका आधीच्या फटक्यावर थोडा चढवत पाठीकडून धारेकडे सरका. धारेच्या शेवटच्या दीड-दोन मिलिमीटरवर दाब अगदी कमी करा. पूर्ण बाजू झाली की तिरक्या प्रकाशात पाहा. एखादी चुकार रेषा दिसली तर तेवढ्याच जागी खाडाखोड करायचा मोह आवरा. खांद्यापासून टोकापर्यंत पूर्ण लांबीचे दोन-तीन फटके मारूनच ती जाते.

अडचणीच्या जागा

खांद्याचा कोपरा, म्हणजे जिथे पातं संपून शेपटी सुरू होते, तिथे रबर पोचत नाही. आइस्क्रीमच्या काडीसारखी पातळ लाकडी पट्टी घ्या, टोक गोल करा, त्यावर पेपर चिकटवा आणि तो भाग बाकीच्या पात्याच्या आधी उरकून घ्या. मुख्य फटके नंतर तिथूनच सुरू होतात, त्यामुळे जोड दिसत नाही. काही वस्तऱ्यांत खांद्यापासून आत एक जाडसर उंचवटा असतो, त्याच्या कडा गोल होऊ देऊ नका.

टोक गोल असेल तर तिथे पेपर निसटताना खाली झुकतो आणि कड मोडतो. टोकाच्या पुढे पात्याच्याच जाडीचा लाकडाचा तुकडा चिकटवला की पेपरला पुढे आधार मिळतो. पाठीचा वरचा भाग सगळ्यात शेवटी, सपाट ठोकळ्याने, लांबीच्या दिशेने.

रेषा थोड्या बोचऱ्या वाटल्या तर राखाडी रंगाचा बारीक नायलॉन पॅड तेलात भिजवून त्याच दिशेने चार-पाच वेळा ओढा. रेषांचे माथे मऊ होतात आणि झाक एकसारखी होते. हा पॅड दोष झाकतो असं समजून लवकर हातात घेऊ नका, तो फक्त झालेल्या कामाला सावरतो.

फिरत्या चाकाचं काय, असं विचारलं जातंच. बफिंगच्या चाकाने पातळ धार पकडली तर वस्तरा हातातून हिसकावला जातो आणि कुठे जाईल सांगता येत नाही. दुसरं, घर्षणाने पातळ भाग काही क्षणांत तापतो. पोलादावर निळसर झाक आली म्हणजे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं, आणि तिथला कडकपणा उतरला. तो भाग पुन्हा कधी नीट धार धरत नाही. हाताने केलेल्या कामात हा धोकाच नाही.

धुणं, तेल आणि धार

पातं फळीवरून काढल्यावर साबणाच्या कोमट पाण्याने मऊ ब्रशने धुवा, रिव्हेटभोवतीचा भाग विशेषतः. रेषांमध्ये पेपरचे कण अडकलेले असतात. त्यातला पी ४०० चा एक कण, म्हणजे ३५ मायक्रॉनचा, ८००० नंबरच्या दगडावर गेला तर दगडही चरतो आणि धारही. निर्जंतुक करायला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. ब्लीच लावू नका, त्यातलं क्लोरीन कार्बन पोलादाला खड्डे पाडतं.

सॅटिनच्या रेषांमध्ये पाणी धरून राहतं, त्यामुळे आरसा पॉलिशपेक्षा हे पातं लवकर गंजतं. धुतल्यावर लगेच पुसा, काही वेळ मोकळ्या हवेत उघडं ठेवा आणि मग तेलाचा पातळ हात द्या.

धार लावताना पाठ दगडावर घासली जाते आणि नव्या सॅटिनवर चकचकीत पट्टा उमटतो. तो नको असेल तर पाठीवर विजेच्या कामातल्या चिकटपट्टीचा एक थर लावा. वरच्या उदाहरणातल्या पात्यावर त्याने कोन जवळपास एक अंशाने वाढतो, त्यामुळे एकदा पट्टी लावून धार काढली की पुढच्या प्रत्येक वेळीही पट्टी लावावी. धार काचेवर मारलेली आहे, म्हणून १००० नंबरच्या दगडापासून सुरुवात, मग ४००० किंवा ५०००, मग ८०००, आणि जमल्यास १२०००. त्यानंतर चामडी पट्टा.

वापरात पात्यावर बारीक चरे पडतातच. पुसताना कापड रेषांच्याच दिशेने, खांद्याकडून टोकाकडे न्या. झाक मंदावल्यासारखी वाटली तर सगळं पुन्हा करावं लागत नाही, शेवटच्याच नंबरचा ताजा पेपर, तेच रबर आणि खांद्यापासून टोकापर्यंत दहा-बारा फटके पुरतात. म्हणून जुळवलेलं ते रबर फेकू नका, त्यावर पात्याचं नाव लिहून वस्तऱ्याच्या डबीशेजारी ठेवा.